न बोललेला नवस

११ नोव्हेंबर

आज जेवताना ताकाची वाटी बाजूला सारली. सौ. म्हणाली, "काऊन? आंबट झालं का?"

"नाही. सोडलं."

"काय सोडलं?"

"दूध, दही, ताक, तूप. सगळंच."

वाढता वाढता तिचा हात थांबला. डोळे भरून आले तिचे. हळूच म्हणाली, "मिनूसाठी?"

मी म्हटलं, "हं."

एवढंच बोललो. तोंडात घास होता. तो हं होकाराचा नव्हता, नकाराचाही नव्हता, पण तिने पदराने डोळे पुसले आणि वाटी उचलून आत नेली. मिनूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून मूल नाही. अशा पोरीच्या बापाने दूधदुभतं सोडलं म्हणजे नवस बोलला असणार. आमच्याकडे माणूस खाणं सोडतो ते नवसापायी, नाहीतर डॉक्टरने सांगितलं म्हणून. तिसरं कारण कोणाला सुचत नाही.

तिसरं कारण माझ्याही तोंडून निघालं नाही.

१२ नोव्हेंबर

खरं कारण निदान इथे लिहून ठेवतो.

भादव्यात चंद्री म्हशीचं रेडकू मेलं, बारा दिवसांचं. म्हैस अंगाला हात लावू देईना. मग पलीकडच्या गावचा एक माणूस बोलावला. त्याने रेडकाचं कातडं काढून त्यात कुटार, म्हणजे सुका भुसा, भरलं आणि शिवलं. सुतळी मी धरली. पाठीवर मिठाचं पाणी मीच चोळलं आणि मीच ते म्हशीपुढे उभं केलं. ती चाटायला लागली. चाटता चाटता पान्हा सोडला. चार लिटर दूध निघालं. त्याच दुधाचा चहा केला सौ.ने. चांगला झाला होता. मी दोन कप प्यालो.

दुसऱ्या दिवसापासून दूध गळ्याखाली उतरेना. दोन महिने काही ना काही सबब सांगत राहिलो. पित्त, घसा, भूक नाही.

बावीस वर्षं गावच्या दूध डेअरीचा सचिव आहे मी. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध मोजून घेतो, फॅट काढतो. असली कुटार भरलेली वासरं जन्मभर पाहिली, त्यावर चावट विनोदही केले. मग या एकानेच काय झालं? सांगता येत नाही. आणि गावात सांगितलं तर आधी हसतील, नंतर म्हणतील, सचिवच दूध पीत नाही म्हणजे दुधात काहीतरी भानगड आहे. त्यापेक्षा नवस बरा. लिहायला लाज वाटते, पण काल सौ.ने मिनूचं नाव काढलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की सुटलो बुवा.

१५ नोव्हेंबर

चिखलीहून मिनूचा फोन. सौ.ने सांगून टाकलं होतं. पोरगी रडतच होती. "बाबा, तुमाले ताकाबिगर जेवन जात नाही, मले माहीत नाही का?"

"जाते जाते," म्हटलं आणि फोन सौ.च्या हातात दिला. बाहेर जाऊन उगाच सायकल पुसली.

१६ नोव्हेंबर

सौ.ने विचारलं, "कोनाले बोलले?" म्हणजे नवस कोणत्या देवाला. म्हटलं, "महादेवाले. मनातल्या मनात."

आतापर्यंत नुसतं गप्प राहिलो होतो. आज खोटं बोललो.

२४ नोव्हेंबर

सकाळी डेअरीवर दुधाचा कॅन उचलताना डोळ्यांपुढे अंधारी. गवई सर तिथेच होते म्हणून पडलो नाही. सर म्हणजे आमच्या शाळेचे जुने पीटीचे मास्तर, विहाराशेजारी राहतात. सत्तरी ओलांडली तरी रोज पहाटे दोन मैल चालतात. मला ओट्यावर बसवलं आणि चोराची उलटतपासणी घ्यावी तशी घेतली.

"काय खाऊन राह्यले तुमी?"

"भाकर. ठेचा. आलूची भाजी."

"डाळ?"

"कधीमधी."

"भास्करराव, तुमी दूध नाही सोडलं, जेवन सोडलं. अंगात प्रोटीन कुठून येईन? घरात सोयाबीनची थप्पी लागली आहे ना तुमच्या?"

लागली आहे. माजघरात छतापर्यंत. वीस वर्षं सोयाबीन पिकवतो. पेरतो, सोंगतो, मळणी करतो, चिखलीच्या मार्केटला नेऊन घालतो. एक दाणा कधी शिजवला नाही.

२५ नोव्हेंबर

सौ.ला सोयाबीनचं सांगितलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ढोराईची ढेप बनते त्याची. ते तुमाले वाढू? लोक काय म्हनतीन, नवसाच्या मानसाले ढेप चारते म्हनून?"

संध्याकाळी मात्र तिनेच पोत्याचं तोंड सोडलं.

२६ नोव्हेंबर

पहिली उसळ. न भिजवता, नुसती कुकरला लावून. दाणे छऱ्यासारखे, आणि वास कच्च्या तेलाचा. मी अर्धी वाटी खाल्ली. सौ.ने एक दाणा चावला आणि बाहेर जाऊन थुंकली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली ते थांबेचना. किती दिवसांनी हसली. मीही हसलो, आणि हसताना आठवलं की ही माझ्या नवसासाठी राबते आहे, मग हसू गेलं.

२८ नोव्हेंबर

मिनूने फोनवर रीत सांगितली. तिने कुठून कुठून शोधून वहीत उतरवून घेतलं आहे. सोयाबीन रात्रभर भिजत घालायचं, सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, चोळून साल जाईल तितकी काढायची, दुसऱ्या पाण्यात सहा-सात शिट्ट्या. मग कांदा, लसूण, भाजलेले शेंगदाणे वाटून उसळ.

मऊ झाली. वास गेला. वरून कच्चा कांदा आणि लिंबू, ज्वारीच्या दोन भाकरी. दुपारी चार वाजेपर्यंत भूक नाही. विकत काय आणलं? लिंबू. गवई सरांच्या झाडाचं मागून आणलं असतं तर तेही नाही.

सौ. म्हणते, "इतके वर्षं हे व्यापाऱ्याले देऊन राह्यलो होतो आपन, अन् दुकानातून त्याचंच तेल आनत होतो."

९ डिसेंबर

मिनूची वही वाढते आहे. रोज दुपारी फोन, एक पदार्थ. आईने लिहून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी करायचा, संध्याकाळी बाबांना कसा लागला ते कळवायचं. मायलेकी लग्नाआधीही एवढ्या बोलत नव्हत्या.

या आठवड्यात: ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याचं झिरकं. पालक, तूरडाळ, हरभराडाळ, मूठभर शेंगदाणे घालून डाळभाजी. मठाची, म्हणजे मटकीची, घट्ट आमटी. गव्हात भाजलेलं सोयाबीन मिसळून दळलेल्या पिठाच्या पोळ्या. कळण्याची भाकरी माझी आई करायची, लहानपणी मला तिची लाज वाटायची कारण मळ्यावाल्यांच्या पोरांच्या डब्यात गव्हाच्या पोळ्या असत. आता तीच भाकरी मला नवसाचा प्रसाद म्हणून वाढली जाते, तिसरी मागून घेतो.

१४ डिसेंबर

वाद. मिनूने सोयाबीनचं दूध करायला सांगितलं. भिजवून, वाटून, गाळून, उकळून. सौ. म्हणाली, "नाव दूध आहे ना त्याचं? मंग नाही चालत." मी म्हटलं, अगं, ते कडधान्याचं पाणी आहे. ती म्हणाली, "तुमी नवस बोलले, आता पळवाटा नोका पाहू." मी बोललोच नाही गं, असं अगदी ओठापर्यंत आलं.

ती थेट महादेवाच्या देवळात जाऊन गुरवाला विचारून आली. निकाल असा: दाण्याचं दूध चालतं, थानाचं नाही.

मग ते दूध केलं. प्यायला काही जमलं नाही मला, गूळ घातला तरी. पण गाळून राहिलेल्या चोथ्यात बेसन, कांदा, मिरची घालून तिने थालीपिठं लावली ती फर्मास. तुपाच्या जागी जवसाचं तेल लावलं.

२ जानेवारी

तुरीला ओल्या शेंगा आल्या. सोल्यांची आमटी, वांगं घालून. चार भाकरी. कॅन आता एका हाताने उचलतो. वजन वाढलं.

डेअरीवर दूध घालणारा पुंजाजी म्हणाला, "सचिव, नवस मानवला तुमाले. चेहऱ्यावर तेज आलं." बाकीच्यांनी मान डोलावली. कोणी म्हणालं, बाप असावा तर असा. मी फॅटच्या मशीनमध्ये डोकं घालून बसलो. एकाची फॅट चुकीची सांगितली, पुन्हा काढावी लागली.

६ जानेवारी

आज कळलं. लिहायला हात धजत नाही.

सौ. सकाळी चुलीपाशी चहा पीत होती. कपात डोकावलो तर कोरा चहा. तिला चहा म्हणजे साय घातलेला दुधाचा लागतो, घरात दुसरी कशाची हौस नाही तिला. न साडीची, न दागिन्याची. विचारलं, दूध संपलं का? तर म्हणाली, "मी बी सोडलं. तुमच्यामागून आठच दिवसांनी. तुमी एकटेच काऊन? पोरगी माझी बी आहे."

दीड महिना झाला. मला कळलंही नाही. एवढं घरात लक्ष माझं.

म्हटलं, तू पी, तुझी काही गरज नाही. "तुमची होती का?" म्हणाली आणि कप विसळायला गेली.

तिच्या पायाशी बसून सगळं सांगायला हवं होतं. मी डेअरीला उशीर होतो म्हणून निघून गेलो.

१७ जानेवारी

संक्रांतीचं वाण घेऊन चिखलीला मिनूकडे गेलो. एसटीत पक्कं ठरवलं होतं, आज पोरीला एकटीला गाठून सांगायचं. पिशवीत तुरीच्या शेंगा, तिळाच्या भाकरी.

दारात विहीणबाई उभ्या. मी हात जोडले. त्यांनी खाली वाकून माझ्या पायाला हात लावला.

मुलाची आई! मुलीच्या बापाच्या पाया पडली! लग्नात याच बाईने पंगतीत कमी वाढलं म्हणून माझ्या भावाला चार लोकांत बोल लावला होता. मी मागे सरलो तर म्हणाल्या, "नोका हो, व्याहीबुवा. तुमी आमच्या घरासाठी तोंडाची चव सोडली. मी माह्या पोरासाठी एक दिवस उपास नाही केला." शेजारच्या दोघी बाया बघत होत्या. त्यांनीही डोकं टेकवलं.

जेवायला हिरव्या हरभऱ्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं, कारण सगळ्यांनीच तूप घेतलं नाही. जावईबापूंनीसुद्धा.

न सांगता परत आलो. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो.

८ फेब्रुवारी

जावईबापू संजयराव कांद्याच्या फवारणीचं औषध गावात पोचवायला आले होते, खताचं दुकान आहे त्यांचं. जाताना त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. गाडीला किक मारायच्या आधी म्हणाले, "मामा, एक इचारू का? राग येऊ देऊ नोका."

मग सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत पुढचा उपचार सुरू करू म्हटलं होतं. मिनूचं वय तेहेतीस, आता ढकलू नका, असंही बजावलं होतं. तारीख मिळाली होती. मिनू गेली नाही.

"म्हनते, बाबाचा नवस चालू आहे, आता दवाखान्यात गेली तर त्याईच्या नवसाले कमीपना येईन. माही आईबी तिच्याच बाजूनं आहे. मले काही समजून नाही राह्यलं मामा. तुमी एक शब्द बोलसान तर ती ऐकीन."

मी काय म्हणालो? म्हणालो, "बोलतो."

गाडी गेली तरी फाट्यावर उभा. माझ्या एका हं ने माझ्या पोरीची तारीख घालवली. आतापर्यंत मला वाटत होतं की पाप माझं आणि लाजही माझी.

९ फेब्रुवारी

फोन केला. मिनू म्हणाली, "बाबा, थांबा, आधी लिहून घ्या, मुगाच्या वड्यांची रीत सापडली." आवाजात एवढा आनंद. लिहून घेतली. मूग आणि हरभराडाळ अर्धी अर्धी, जाडसर वाटायची, कोहळा किसून, लाल तिखट, हिंग, उन्हात चार दिवस.

शेवटी एवढं म्हणालो, की दवाखान्याचं पाहून घे बेटा, नवस एकीकडे, औषध एकीकडे. ती म्हणाली, "नाही बाबा. तुमी येवढं करून राह्यले अन् मी भरवसा ठेवू नाही? सहा वर्षं सुया टोचून घेतल्या, आता थोडे दिवस देवावर."

देवावर म्हणजे माझ्यावर.

२१ फेब्रुवारी

गवई सरांना सगळं सांगितलं. रेडकापासून. पहिला माणूस. डेअरीच्या ओट्यावर, दूध घालणारे निघून गेल्यावर.

सर हसले नाहीत. बराच वेळ चप्पल पायात घालत-काढत बसले. मग म्हणाले, "रेडकाचं मले पटते. ते सांगाले काय झालं होतं?"

"लोक हसले असते."

"हसले असते." सर पुढे म्हणाले: "भास्करराव, मी नवस मानत नाही, तुमाले माहीत आहे. आमच्या घरात बाबासाहेबाईच्या फोटोपुढं असं काही बोलतच नाही कोनी. पन तुमी तर मानता ना? मंग माननाऱ्यानं तरी खोटा करू नाही." उठता उठता म्हणाले, "अन् पोरीले लवकर सांगा. तिचं वय थांबून नाही राह्यलं तुमच्यासाठी."

२ मार्च

सांगितलं नाही.

९ मार्च

सांगितलं नाही. वड्या वाळत घातल्या. दोन खाटा भरून. सौ. कावळे हाकत उन्हात बसली, मी सावलीत.

पाडवा

पुरणपोळी. आमच्याकडे पोळी तुपात बुडालेली नसेल तर पाहुणा उठून जाईल. आज गुळवणीत बुडवून खाल्ली. पुरण भरपूर, पातळ पापुद्रा, सौ.चा हात काही वेगळाच. सोबत कटाची आमटी, तिखट.

सौ. देवापुढे म्हणाली, "पुढच्या पाडव्याले नातू मांडीवर पाहू दे, मंग याईले मीच माह्या हातानं तूप वाढीन." मी शेजारी हात जोडून उभा. देवाकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो, डेअरीवर दूध न आलेल्या दिवसांच्या खुणा असतात ते.

२८ मार्च

पुंजाजीच्या सुनेने निरोप पाठवला. तिला तिसरा महिना, दूध बघितलं की उलटी होते. "सचिवाच्या घरी जे शिजते ते लिहून द्या." सौ.ने मिनूची सगळी वही उतरवून पाठवली. सोयाबीन, कळणा, झिरकं, वड्यांची भाजी, पाटवडी. आता म्हणे तीन घरांत सोयाबीनची उसळ होते. गरीब घरं आहेत, बाजारातून काही आणायचं नाही हे त्यांना आवडलं.

चांगलं झालं म्हणायचं का? एवढं तरी चांगलं झालं. पण ते लिहून मी स्वतःला सूट देतो आहे, हे मला कळतं.

५ एप्रिल

मिनूला ताप, मळमळ असं सौ. म्हणाली. मला वाटलं, दिवस गेले असतील का? चार दिवस आशेवर. मी स्वतः आशेवर! आपलाच खोटा नवस फळेल आणि सांगावंच लागणार नाही, असं मनात आलं. रोज संध्याकाळी फोनची वाट पाहिली. आज कळलं, नुसताच ताप होता.

आता याहून खाली जायला जागा नाही. शनिवारी चिखलीला जातो.

११ एप्रिल

गेलो. सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

विहीणबाई लग्नाला गेल्या होत्या, जावईबापू दुकानात. मिनूने पाटवड्या केल्या होत्या, रस्सा उकळत होता. लसणाचा, मसाल्याचा घमघमाट. म्हणाली, "बाबा, बसा, गरम गरम घ्या." म्हटलं, "आधी ऐक. मग वाढ."

डाव हातात धरून उभी राहिली. मी जमिनीकडे बघून बोललो. चंद्रीचं रेडकू, कुटार, मिठाचं पाणी, दोन कप चहा. मग ताकाची वाटी, तिच्या आईचा प्रश्न, माझा हं. देवाला मी काही बोललो नाही बेटा, कधीच नाही, असं सांगितलं.

तिने गॅस बंद केला. रश्श्यावर झाकण ठेवलं.

"मंग हेच सांगाचं होतं, बाबा. दूध पिववत नाही म्हनून. काय झालं असतं?"

"लोक हसले असते."

"हसले असते तर हसले असते." मग तिचा आवाज चढला, लहानपणापासून माझ्यापुढे कधी चढला नव्हता. "पाच महिने, बाबा! डॉक्टरीणबाई म्हने, तुह्यापाशी वेळ नाही. अन् मी पाच महिने तुमच्यासाठी सोयाबीन भिजवत बसली!"

मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, नुसतं चुकलो नोका म्हनू. रडली. मी जवळ जायला गेलो तर हात आडवा केला.

नंतर ओट्याला टेकून खाली बसली आणि बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मले बरं वाटत होतं. सुया नव्हत्या, रिपोर्ट नव्हते. सासूबाई गोड बोलत होत्या. घरात पहिल्यांदा कोनी माह्या पोटाकडं पाहून नाही राह्यलं, सगळे तुमच्या ताटाकडं पाहत होते. मी बी तेच धरून बसली. माही बी चूक आहे."

म्हटलं, तुझी नाही. ती म्हणाली, "ते तुमी नोका ठरवू."

मग उठली, तोंड धुतलं, माझ्यासमोर अकोल्याला फोन लावला. मंगळवारची वेळ मिळाली. "तुमी सोबत याचं. मी आत असली का बाहेर बसून राहाचं, किती बी वेळ लागो."

"येतो."

"अन् आईले मी नाही सांगनार. सासूबाईलेबी नाही. ते तुमी सांगा."

शेवटी तिने वाढलं. पाटवड्या रश्श्यात टाकल्या, वर कोथिंबीर, लिंबाची फोड. तिने स्वतःला घेतलं नाही. मी जेवलो. कसा जेवलो ते मला माहीत.

१२ एप्रिल

सकाळचं दूध आटोपून घरी आलो. सौ.ने पोह्यांत भिजवलेले शेंगदाणे भरपूर घातले, बाजूला मोडाच्या मुगाची वाटी. तिचा कोरा चहा.

तिला सांगितलं, मंगळवारी मिनूला घेऊन अकोल्याला जायचं आहे, मीही जातो. ती आधी खूश झाली. म्हणाली, लवकर उठून डबा करून देते, मुगाच्या वड्या अन् कळण्याच्या भाकरी, पोरगीबी खाईल, तिथलं बाहेरचं नको. मग चहाचा कप खाली ठेवला.

"पन मंग नवसाचं काय हो? दवाखान्यात गेलं तर नवस मोडते का चालू राहते? गुरवाले इचारू का तुमालेच माहीत आहे? बोलले तर तुमी आहा."

मी वही ओढून लिहायला बसलो. तिला वाटतं डेअरीचा हिशोब लिहितो आहे. ती समोर बसली आहे, दोन्ही हात गुडघ्याभोवती, आणि घाई करत नाही. आत्ताच म्हणाली, "लिहून घ्या आधी. मंग सांगा."